दुसऱ्यांची कॉमिक्स पाहून रंग शिकताना नेमकं काय पाहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रेषा जमते, इंकिंग ठीक होतं, पण रंग भरले की पान एकतर भडक होतं नाहीतर मळकं. म्हणून तुम्ही आवडत्या कलावंतांच्या चाळीसेक पानांवरून आयड्रॉपरने (चित्रावर टेकवलं की तिथला नेमका रंग उचलणारं सॉफ्टवेअरमधलं साधन) रंग उचलले आणि प्रत्येक पानाचं पाच-पाच चौकोनांचं पॅलेट करून ठेवलं. पण तेच रंग तुमच्या पानावर आले की निर्जीव दिसतात. मग दुसऱ्यांच्या कामावरून रंग शिकायचे तरी कसे, आणि असं उचलणं ही चोरी तर नाही ना?

मी 18 वर्षं कॉमिक्स रंगवतोय. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीही हेच करत होतो, त्यामुळे तुमचं घोडं कुठे अडलंय ते मला चांगलं कळतंय. तुम्ही रंग आणलेत, पण त्या पानावर ते रंग जे काम करत होते ते तिथेच राहून गेलं. पाच सारख्या चौकोनांत ते मावतच नाही.

एक उदाहरण देतो. ते माझ्या डोक्यात कायमचं बसलंय. एका पानावर संध्याकाळचं दृश्य होतं. भिंती विटकरी, आकाश नारिंगी, जमीन गेरूच्या रंगाची, आणि खिडकीपाशी उभ्या असलेल्या बाईच्या अंगात सुंदर, शांत निळा सदरा. मला तो निळा हवा होता. आयड्रॉपर लावला तर हाती आला करडा. ह्यू (रंगचक्रावरची जागा) 30च्या आसपास, म्हणजे नारिंगीच्याच घरातला, आणि सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) जेमतेम 6 टक्के. मला वाटलं चुकीच्या जागी टेकवलं, म्हणून सदऱ्यावर दहा ठिकाणी लावून पाहिला. सगळीकडे तोच करडा. त्या अख्ख्या पानावर निळा नव्हताच. भोवतीच्या नारिंगीमुळे माझ्या डोळ्याने त्या करड्याला निळं ठरवलं होतं. जोसेफ आल्बर्स यांचं 1963 सालचं रंगांवरचं प्रसिद्ध पुस्तक याच गोष्टीभोवती फिरतं: एकच रंग दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर ठेवा, तो दोन वेगळे रंग असल्यासारखा दिसतो. हे वाचून पटतं, पण स्वतःच्या हातात करडा आला की हाडीमाशी रुजतं. तो करडा तुम्ही तुमच्या हिरवट पानावर नेऊन ठेवलात तर तो तांबूस आणि मेलेला दिसणार. तुमच्या पॅलेटांचं हेच झालंय.

दुसरी हरवलेली गोष्ट म्हणजे जागा. पाच चौकोन सारख्या आकाराचे काढले की वाटतं पाचही रंगांचा वाटा सारखा आहे. मूळ पानावर बहुधा एकाच कुळातल्या मातकट, राखाडी छटांनी तीन चतुर्थांश जागा व्यापलेली असते आणि ज्या लाल रंगामुळे ते पान आपल्याला आवडलं तो लाल टक्का-दोन टक्के असतो. एक ओठ, एक दिवा, एक फाटकी पताका. म्हणून पॅलेट नोंदवायचंच असेल तर चौकोन काढू नका, एक लांब पट्टी काढा आणि प्रत्येक रंगाला पानावर जितकी जागा आहे तितकीच पट्टीवर द्या. अंदाजाने दिली तरी चालेल. मी अजूनही असंच नोंदवतो. अशा वीसेक पट्ट्या एकाखाली एक लावल्या की आपल्या आवडत्या कलावंताचा स्वभाव दिसायला लागतो: हा माणूस तीव्र रंग कधीच 5 टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही, किंवा हिच्या पट्टीत कायम एकच थंड रंग असतो आणि बाकी सगळे उबदार.

आता सगळ्यात महत्त्वाचं: उजळ-गडद, म्हणजे व्हॅल्यू. पान भडक किंवा मळकं होण्याचं खरं कारण दहातल्या आठ वेळा ह्यूमध्ये नसतं, इथे असतं. मूळ पान कृष्णधवल करून पाहा. तरीही पात्र पार्श्वभूमीपासून सुटं दिसतं, नजर जिथे जायला हवी तिथेच जाते. मग तुमचं पान तसंच करून पाहा. बहुतेक सगळं एकाच मधल्या करड्यात बुडालेलं सापडेल.

इथे एक तांत्रिक खोच आहे, तिच्यात बरेच जण फसतात. सॉफ्टवेअरमधली साधी 'डिसॅच्युरेट' आज्ञा वापरू नका. पूर्ण पिवळा आणि पूर्ण निळा घेतले तर एचएसबीमध्ये (ह्यू, सॅच्युरेशन आणि ब्राइटनेस या तीन आकड्यांत रंग सांगायची पद्धत) दोघांचा ब्राइटनेस 100च असतो, आणि फोटोशॉपमधली ही आज्ञा तर दोघांना एकच मधला करडा देते. पण स्क्रीनवर दिसताना त्यांच्या उजळपणात जमीन-अस्मानाचा फरक असतो. पांढऱ्याला 100 धरलं तर शुद्ध पिवळा सुमारे 93 आणि शुद्ध निळा सुमारे 7. त्यामुळे सगळ्यात वर एक काळा भरलेला लेयर ठेवा, त्याचा ब्लेंड मोड (खालच्या चित्रात मिसळण्याची पद्धत) 'कलर' करा आणि तो लेयर हवा तेव्हा चालू-बंद करत राहा. मग जो करडा दिसतो तो डोळ्याला जाणवणाऱ्या उजळपणाच्या बराच जवळ असतो. माझ्या प्रत्येक फाइलमध्ये हा लेयर पहिल्या दिवसापासून असतो.

आता अभ्यास प्रत्यक्ष कसा करायचा ते सांगतो. एक पान निवडा. पूर्ण पानही नको, तीन-चार चौकटी पुरेत. रेषा ट्रेस करा किंवा नुसते आकार ओबडधोबड मांडा. इथे रेखाटनाची परीक्षा नाही. मूळ पान एका बाजूला, तुमचं दुसऱ्या बाजूला, दोन्ही सारख्या आकारात. आयड्रॉपरला हात लावायचा नाही. फक्त डोळ्याने पाहून, स्लायडर सरकवून रंग जुळवायचे. सगळ्यात मोठा आकार आधी, मग त्याच्या शेजारचा, आणि प्रत्येक नवा रंग आधीच भरलेल्या रंगाशी ताडून: याच्यापेक्षा उजळ की गडद? उबदार की थंड? तीव्र की मवाळ? पांढऱ्या कॅनव्हासवर एकेकटा रंग जुळवत बसलात तर वर सांगितलेला सदरा तुम्हाला हमखास फसवेल, म्हणून कॅनव्हास आधी मधल्या करड्याने भरून घ्या. अर्धा-पाऊण तास द्या आणि थांबा.

आता आयड्रॉपर काढा. दोन्ही पानांवर त्याच जागी लावा आणि दोघांचे एचएसबीचे आकडे शेजारी-शेजारी लिहा. शिकवणी इथे सुरू होते. चुका कशाही विखुरलेल्या नसतात, प्रत्येकाच्या ठराविक असतात. माझी चूक अशी होती की सावल्या मी दर वेळी 20-25 टक्के जास्त तीव्र करायचो, आणि पांढरा दिसला की पांढराच भरायचो, जेव्हा मूळ पानावर रात्रीचा 'पांढरा' शर्ट ब्राइटनेस 55चा निळसर राखाडी असायचा. दहा-बारा पानांनंतर तुम्हालाही तुमचा ठराविक कल सापडेल. तो एकदा कळला की स्वतःच्या पानावर रंग भरताना हात आपोआप सावरतो. चाळीस पॅलेट उचलून हे कधीच झालं नसतं, कारण उचलताना डोळ्याला काही ठरवावंच लागत नाही.

स्लायडर हलवण्याआधी आणखी एक सवय लावून घ्या: जो रंग दिसतोय त्याला तोंडाने नाव द्या. आपल्या भाषेत रंगांची नावं भरपूर आहेत. अबोली, आमसुली, अंजिरी, डाळिंबी, मोरपंखी, शेवाळी, गुलबक्षी, बदामी, मोतिया, राखी. 'हा हिरवा' म्हणून तुम्ही स्लायडर हिरव्यावर नेलात तर तो भडकणारच. 'हा उन्हाने विटलेला शेवाळी' असं म्हटलंत की डोळा आपसूकच तीव्रता कमी करतो आणि ह्यू पिवळ्याकडे झुकवतो. जिथे नाव सापडत नाही तिथे दोन शब्द जोडा: मळकट पोपटी, थंड विटकरी. हे काम मी विद्यार्थ्यांकडून मोठ्याने करून घेतो, आणि त्याचा फरक पहिल्या आठवड्यातच दिसतो.

तुम्ही कुठल्या प्रतीवरून अभ्यास करता तेही बघा. जुन्या छापील कॉमिकचं स्कॅन असेल तर न्यूजप्रिंट पिवळं पडलेलं असतं आणि प्रत्येक रंगात तो पिवळा मिसळलेला असतो. शिवाय छपाई ठिपक्यांची. आयड्रॉपर एकाच ठिपक्यावर पडला तर गुलाबी त्वचेऐवजी शुद्ध मॅजेंटा (छपाईच्या शाईतला गडद गुलाबी) हाती येतो. जेपीईजीमध्ये बहुधा रंगाची माहिती उजळपणापेक्षा कमी रिझोल्यूशनने साठवलेली असते, म्हणून काळ्या रेषेच्या कडेला रंग गढूळ होतात. आयड्रॉपरचा नमुना किमान 5 बाय 5 पिक्सेलच्या सरासरीवर ठेवा आणि मोठ्या आकाराच्या मध्यातूनच घ्या.

जुन्या छपाईचा विषय निघालाच आहे तर तिच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे. अमेरिकी कॉमिक्समध्ये कितीतरी वर्षं सायन, मॅजेंटा आणि पिवळा या तीन शायांचे ठरावीक टप्पेच मिळायचे: शून्य, 25, 50 आणि 100 टक्के. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे एकूण 64 रंग. ग्रेडियंट नाही, मऊ सावली नाही. त्यामुळे ते कलरिस्ट, म्हणजे रंग भरणारे कलावंत, जे निर्णय घ्यायचे ते उघड दिसतात. मागची अख्खी गर्दी एका सपाट जांभळ्यात बुडवायची, म्हणजे पुढचं पात्र सुटतं. धक्क्याच्या क्षणी चेहरा पूर्ण लाल करायचा आणि मागे नुसता पिवळा ठेवायचा. आजच्या झगमगीत रेंडरिंगमध्ये असे निर्णय हायलाइटखाली झाकले जातात. म्हणून नवशिक्याने पहिले दोन-तीन महिने सपाट रंगांच्या कामाचाच अभ्यास करावा, असं माझं ठाम मत आहे.

'वॉचमेन'चं उदाहरण घ्या. 1986-87 मध्ये 12 अंकांत आलेल्या या मालिकेचे रंग जॉन हिगिन्स यांचे. सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये लाल-निळ्या-पिवळ्याची सवय झालेली असताना त्यांनी जांभळा, हिरवा, नारिंगी या दुय्यम रंगांवर सगळा डोलारा उभा केला. नुसत्या याच निवडीने ते जग आजारी, अस्वस्थ वाटायला लागतं. पण खरा धडा सहाव्या अंकात आहे. तो उबदार, प्रसन्न रंगांत सुरू होतो आणि गोष्ट पुढे सरकते तसा गडद होत जातो. तिथलं एकच पान उचलून पॅलेट केलंत तर यातलं काहीही हाती लागणार नाही.

म्हणून आवडत्या कॉमिकची सगळी पानं पोस्टाच्या तिकिटाएवढी लहान करून एकाच कागदावर किंवा एकाच कॅनव्हासवर मांडा. शब्द वाचता येणार नाहीत, चेहरे ओळखू येणार नाहीत, फक्त रंगांची चाल दिसेल. कुठे थंडावा येतो, कुठे अचानक एक पान पेटतं, आणि त्या पेटण्याआधी किती पानं मुद्दाम विझवलेली असतात. ही शेवटची गोष्ट मी फार उशिरा शिकलो. माझ्या एका 8 पानी कथेत शेवटी आग लागते. मी पहिल्याच पानापासून सुंदर तांबडे, नारिंगी वापरले, कारण ते मला आवडायचे. आगीचं पान आलं तेव्हा माझ्याकडे द्यायला काहीच उरलं नव्हतं. शेवटी आधीची 7 पानं पुन्हा बसून थंड केली, आणि आगीच्या पानाला हातही न लावता ते जळायला लागलं.

एकाच चित्रावर दोन वेगळे रंग पाहायला मिळणं ही दुर्मीळ संधी असते, ती मिळाली तर सोडू नका. बॅटमन आणि जोकरचं 'द किलिंग जोक' हे कॉमिक 1988 साली आलं ते जॉन हिगिन्स यांच्याच रंगांत: भगभगीत, आम्लासारखे जांभळे, पिवळे, गुलाबी. मग 2008 सालच्या आवृत्तीसाठी मूळ चित्रकार ब्रायन बोलंड यांनी स्वतः सगळं पुन्हा रंगवलं. रंग मवाळ आणि वास्तवाच्या जवळचे झाले, आणि आठवणींचे प्रसंग जवळजवळ कृष्णधवल करून त्यात मोजक्याच वस्तू लालसर ठेवल्या. रेषा जवळजवळ तीच, शब्द तेच. दोन्ही आवृत्त्यांतलं एकच पान शेजारी ठेवा आणि स्वतःला विचारा: माझी नजर आधी कुठे गेली? वेळ कोणती वाटली? जोकरची भीती वाटली की कीव आली? प्रत्येक उत्तराला 'कोणत्या रंगामुळे' हे शोधून लिहा. कोणती आवृत्ती सरस यावर लोक भरपूर भांडतात. मला स्वतःला पहिलीतला ताप जास्त भिडतो. पण अभ्यासाला दोन्ही सारख्याच मोलाच्या आहेत.

रंगाला भूमिका कशी देतात ते पाहायचं तर डेव्हिड माझुकेली यांचं 2009 सालचं 'ॲस्टेरिओस पॉलिप' हे कॉमिक पाहा. तिथे नेहमीच्या काळ्याऐवजी सायन, मॅजेंटा, पिवळा आणि जांभळा अशी मांडणी आहे. नायक सायनचा, नायिका मॅजेंटाची. त्यांच्यात बिनसतं तेव्हा दोघंही आपापल्या रंगात आणि आपापल्या रेषेत परततात. इतकं काटेकोर तुम्ही करावं असं मी म्हणत नाही, पण तुमच्या कथेतला प्रत्येक ठळक रंग कोणाचा आहे, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

एक व्यायाम मात्र कराच, कारण त्याने सगळ्यात लवकर फरक पडतो. एका कॉमिकमधलं एक पात्र आणि त्याची एक वस्तू धरा, समजा लाल जॅकेट. कथेत ते जिथे जिथे दिसतं तिथले आकडे टिपा. माझ्या वहीतल्या अशाच एका जॅकेटच्या नोंदी अशा आहेत: भर दिवसा ह्यू 5, सॅच्युरेशन 75, ब्राइटनेस 80. तिन्हीसांजेला ह्यू 350, सॅच्युरेशन 55, ब्राइटनेस 55. रात्री ह्यू 320, सॅच्युरेशन 30, ब्राइटनेस 30. शेकोटीजवळ ह्यू 15, सॅच्युरेशन 85, ब्राइटनेस 90. रात्रीचा तो रंग सुटा काढून दाखवला तर कोणीही त्याला लाल म्हणणार नाही, वांगी रंग म्हणेल. तरी वाचकाला ते जॅकेट पानोपानी लालच वाटतं. तुमची पानं भडक होतात याचं मोठं कारण मला इथे दिसतं: तुम्ही पात्राचा रंग एकदा ठरवता आणि दिवस असो की रात्र, तोच ओतता. प्रकाश बदलला की रंग बदलणार, आणि तो कोणत्या दिशेने किती सरकणार हे अशा नोंदींतून हाताला कळतं.

नक्कल झाली, नोंदी झाल्या, की तिसऱ्या टप्प्याला जा. अभ्यासलेल्या पानाची व्हॅल्यूंची रचना आणि जागेचं प्रमाण तुमच्या स्वतःच्या पानावर आणा, पण ह्यू सगळे बदला. तिथे शेवाळी गर्दीत एक नारिंगी दिवा असेल तर तुमच्याकडे अंजिरी गर्दीत एक फिकट पोपटी खिडकी असू द्या. उजळ-गडद नीट उचललं असेल तर पान उभं राहतं. नाही राहिलं तर कृष्णधवल लेयर चालू करा, बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.

चोरीचं विचारलंत म्हणून सांगतो. सहा-सात रंगांचा संच कोणाच्या मालकीचा नसतो. सरावासाठी केलेली पानाची नक्कल वहीत किंवा फोल्डरमध्ये राहू द्या. कोणाला दाखवलीत तर मूळ कलावंताचं नाव सोबत सांगा आणि कलरिस्टचं नाव वेगळं सांगा. कॉमिक्समध्ये चित्रकार आणि कलरिस्ट बऱ्याचदा दोन वेगळी माणसं असतात, आणि ज्याच्याकडून तुम्ही शिकताय त्याचं नाव श्रेयनामावलीत शोधावं लागतं. ते शोधा. आवडलेली पाच कॉमिक्स काढून पाहिलीत आणि त्यातली तीन एकाच कलरिस्टची निघाली, असं सहज होऊ शकतं. तसं झालं तर पुढचे दोन महिने त्या एकाच माणसाचं काम पाहा.

सुरुवातीला रात्रीचं पान घ्या: दोन पात्रं, प्रकाशाचा एकच स्रोत, सपाट रंग. दिवसाच्या पानात डोळा झाडाला हिरवं आणि आकाशाला निळं म्हणून मोकळा होतो. रात्री प्रत्येक रंग पाहून ठरवावा लागतो. कॅनव्हास करडा भरा, सगळ्यात मोठी सावली आधी जुळवा, आणि तो दिवा अगदी शेवटी लावा.